वॉन्स्टेडच्या तळ्यावरचा थापट्या

फेब्रुवारी सरत आला की एखाद्या रविवारी सकाळी इल्फर्डहून रोडिंग नदी ओलांडा आणि वॉन्स्टेड पार्कात जा. गळ्यात मोठा कॅमेरा हवाच असं नाही, फोनही चालेल. झाडांना अजून पालवी नाही, ऊन तिरकं आहे आणि तळ्यावर एक बदक चोच पाण्यात बुडवून गोल गोल फिरतंय. डोकं गडद हिरवं, छाती पांढरी, कुशी विटकरी, आणि चोच पुढे इतकी रुंद आणि चपटी की एकदा बघितली की विसरत नाही. इंग्रजीत हा शॉव्हेलर. मराठीत याला थापट्या म्हणतात.

तो वेड्यासारखा फिरत नसतो. गोल फिरल्याने खालचं पाणी वर येतं, त्याबरोबर बारीक किडे आणि बिया येतात. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात, त्यांतून तो पाणी गाळतो आणि खाणं ठेवून घेतो. आपल्या घरची चहाची गाळणी आठवा, तेच काम.

बहुतेक जण त्याचा फोटो काढताना एक गोष्ट करतात. मागचा बाक, पलीकडची इमारत, ब्रेड टाकणारी मुलं, हे सगळं चौकटीबाहेर ठेवतात. उरतं ते फक्त पाणी आणि पक्षी, जणू काही आपण कुठल्यातरी निर्मनुष्य दलदलीत उभे होतो. आज याच कापून टाकलेल्या भागाबद्दल बोलूया. कारण शहरातल्या उद्यानात हे रानटी बदक का आहे, याचं उत्तर बरंचसं त्या कापलेल्या भागात आहे. आणि त्यात मुंबई आहे, असई आहे, खुद्द इल्फर्डही आहे.

नावं ओळखीची आहेत

आधी पक्ष्यांची ओळख करून घेऊ. वॉन्स्टेडच्या तळ्यांवर किंवा इल्फर्डमधल्याच व्हॅलेंटाइन्स पार्कात तुम्हाला जे पाणपक्षी दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना मराठी नाव आहे. डोक्यावर लोंबती शेंडी असलेला काळा-पांढरा, सारखा बुड्या मारणारा, तो शेंडी बदक. सगळ्यांत लहान, डोळ्यावर हिरवा पट्टा असलेला, तो चक्रांग. तांबड्या डोक्याची ती लालसरी. आणि बदक नसून बदकांत मिसळणारा, काळ्याकुट्ट अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला कूट? त्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात. का, ते कपाळ बघितलं की कळतं.

ही नावं कोणी पुस्तकासाठी भाषांतर करून बसवलेली नाहीत. हे पक्षी महाराष्ट्रात शतकानुशतकं येतायत, म्हणून ती आहेत. थापट्या, चक्रांग, शेंडी बदक हे सगळे थंडीत उजनीवर, जायकवाडीवर, नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला दिसतात. तुमच्या आजीने ज्या तळ्यावर बदकं बघितली आणि तुम्ही ज्या तळ्यावर बघताय, त्या दोन्हीकडे जात तीच असू शकते.

पण इथे एक गैरसमज टाळायला हवा. जात तीच म्हणजे पक्षी तोच, असं नाही. वॉन्स्टेडचा थापट्या उडून उजनीला जात नाही. इंग्लंडमध्ये थंडी काढणारी बदकं मुख्यतः स्कँडिनेव्हिया, बाल्टिक आणि रशियाच्या बाजूने येतात. महाराष्ट्रात येणारी सायबेरिया आणि मध्य आशियातून, हिमालय पार करून किंवा त्याला वळसा घालून उतरतात. हे आपल्याला कळलं ते पायातल्या कड्यांमुळे. १९६० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांच्या पायात नंबर असलेली कडी घातली. त्यांवर मुंबईच्या या संस्थेला कळवा असं कोरलेलं असायचं, आणि तशी पत्रं थेट सोव्हिएत संघातून यायची. ब्रिटनमध्ये कडी घातलेले चक्रांगही फिनलंड आणि रशियात सापडले. म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेला एकाच विशाल प्रदेशात पसरलेली ही बिरादरी थंडीत दोन वाटांनी खाली उतरते. एक वाट तुमच्याकडे, एक आजीकडे.

आता फेब्रुवारी-मार्चच का, तेही बघा. उन्हाळ्यात नर बदक पिसं टाकतो आणि काही आठवडे मादीसारखा मातकट दिसतो, तेव्हा त्याला उडताही येत नाही. थंडीत तो पुन्हा रंगात येतो. आणि गंमत म्हणजे यांची लग्नं उत्तरेला गेल्यावर ठरत नाहीत. बहुतेक बदकांच्या जोड्या थंडीच्या मुक्कामातच जमतात, आणि मग मादी नराला आपल्या माहेरच्या मुलखात घेऊन जाते. रशियातल्या संसाराची बोलणी वॉन्स्टेडला आणि उजनीला होतात! म्हणून या दिवसांत नर माना हलवतात, शेपट्या उचलतात, एकमेकांच्या अंगावर धावून जातात. एप्रिल उजाडेपर्यंत यांतले बरेचसे निघून गेलेले असतात.

हे तळं कोणाच्या पैशाचं?

आता पक्ष्यावरून नजर जरा हटवा आणि पाण्याकडे बघा. वॉन्स्टेडची तळी निसर्गाने केलेली नाहीत. ती खणलेली, बांध घालून अडवलेली आहेत.

१६७३ मध्ये ही जहागीर जोसाया चाइल्ड नावाच्या व्यापाऱ्याने विकत घेतली. हा साधा व्यापारी नव्हता. १६८० च्या दशकात तो ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर, म्हणजे लंडनमधला सर्वोच्च अधिकारी होता. त्याने इथे अक्रोडाची झाडं लावली आणि मासे पाळायला तळी खणली. १६८३ च्या मार्च महिन्यात जॉन एव्हलिन हा प्रसिद्ध रोजनिशीकार ती बघायला आला होता. इतक्या ओसाड जागी हा माणूस केवढा प्रचंड खर्च करतोय, याचं त्याला नवल वाटलं, आणि तसं त्याने लिहून ठेवलं. म्हणजे इथे मार्चमध्ये तळं बघायला येण्याची परंपरा किमान तेव्हापासूनची आहे.

हा पैसा कुठला? बराचसा कंपनीच्या व्यापारातला, आणि त्या व्यापाराचं पश्चिम किनाऱ्यावरचं ठाणं होतं मुंबई, जी १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली होती. १६८६ मध्ये चाइल्डच्या धोरणामुळे कंपनीने थेट मुघलांशी लढाई काढली. इतिहासात तिला चाइल्डचं युद्धच म्हणतात. ती कंपनीला फार महागात पडली. १६८९ मध्ये मुघलांच्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी शिवडीला उतरला, माझगाव घेतलं आणि मुंबईच्या किल्ल्याला वेढा दिला. साल लक्षात राहील, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारलं होतं. वर्षभराने, १६९० मध्ये, कंपनीने बादशहाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा सिद्दी हटला. वेढ्यात होरपळलेल्या मुंबईत कोळी, भंडारी, कुणबी राहत होते. लंडनच्या बाहेर मात्र तळी शाबूत होती.

जोसायाचा मुलगा रिचर्ड याने १७१५ पासून इथे राजवाड्यासारखा वॉन्स्टेड हाउस बांधला. तळ्यांची आज दिसणारी मांडणीही बरीचशी त्याच्या काळातली. शंभर वर्षांनी, १८१२ मध्ये, या घराण्याची वारस कॅथरिन टिल्नी-लाँग हिने विल्यम वेलस्ली-पोल याच्याशी लग्न केलं. आडनाव ओळखीचं वाटलं ना? त्याचा सख्खा काका आर्थर वेलस्ली, म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसले यांच्या फौजांना हरवणारा सेनापती, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पुतण्या मात्र उधळ्या निघाला. दहा-बारा वर्षांत त्याने बायकोची इस्टेट कर्जात बुडवली. सामानाचा लिलाव झाला आणि १८२४ मध्ये वाडाच विटा-दगडांच्या भावाने विकला गेला. आज तिथे गवत आहे.

तळी राहिली, कारण तळी पाडून विकता येत नाहीत. पुढे एपिंगच्या जंगलाची गावरानं जमीनदारांनी कुंपणं घालून बळकावायला सुरुवात केली, तेव्हा लोक कोर्टात गेले, रस्त्यावर आले. १८७८ मध्ये एपिंग फॉरेस्ट कायदा झाला. त्यानंतर लंडन शहराच्या महापालिकेने वॉन्स्टेडची ही जमीन वेलस्ली कुळातल्याच अर्ल काउलीकडून घेतली, आणि १८८२ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. इथे फिरायला तुम्हाला तिकीट लागत नाही, त्यामागे हा झगडा आहे.

जाळं, बंदूक आणि काच

तळं मिळालं, पण बदकाला भीती नाही असं तळं मिळायला आणखी वेळ लागला.

इंग्लंडमध्ये बदक हा मुळात खायचा पक्षी. सतराव्या शतकात डचांकडून इथे डिकॉय आला. तळ्यापासून निघणारे वाकडे चर, त्यांवर निमुळतं होत जाणारं जाळं आणि एक शिकवलेला छोटा कुत्रा. कुत्रा दिसला की बदकं पळत नाहीत, उलट कुतूहलाने, एक प्रकारे त्याला हाकलायला, त्याच्या मागे मागे जातात आणि जाळ्याच्या टोकाला पोहोचतात. दुसऱ्या चार्ल्स राजाने लंडनच्या सेंट जेम्स पार्कातही असा डिकॉय करवला होता. एसेक्सच्या किनाऱ्यावर असे पुष्कळ होते. मग बंदुका सुधारल्या आणि जाळी मागे पडली.

आपल्याकडे काय होत होतं? तेच, मोठ्या प्रमाणावर. राजस्थानातल्या भरतपूरच्या तळ्यांवर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तिथल्या दगडी फलकावर हा आकडा आजही वाचता येतो.

बंदुकीला पर्याय म्हणून कॅमेरा आला, आणि त्या गोष्टीतलं एक प्रकरण इल्फर्डचं आहे. त्याआधी फोटो काढायचा तर काचेवर ओलं रसायन लावून, ती वाळायच्या आत फोटो घेऊन, लगेच धुवावी लागायची. फोटोग्राफर तंबू आणि बाटल्या घेऊन हिंडायचा. असा माणूस बदकाच्या मागे जाणार कसा? १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी काच सुचवली. ती आधी तयार करून ठेवता यायची, आणि पुढच्या सुधारणांनंतर क्षणाच्या छोट्या अंशात चित्र पकडू लागली. १८७९ मध्ये आल्फ्रेड हार्मन याने इल्फर्डमध्ये क्रॅनब्रुक रोडवरच्या घरात अशा काचा बनवायला सुरुवात केली. तेव्हाचं इल्फर्ड लंडनच्या धुराबाहेरचं छोटं गाव होतं, आणि या धंद्याला धूळ मुळीच चालत नाही. काचांवरचा थर मंद लाल उजेडात चढवावा लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीने गावाचंच नाव घेतलं. गावातला कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला, पण इल्फर्ड नावाची कृष्णधवल फिल्म चेशरमधल्या मोबर्लीला अजून बनते. पुण्या-मुंबईत ज्यांनी फिल्मवर फोटो काढलेत, अशा एखाद्या काकांना विचारून बघा. त्यांना इल्फर्ड हे गाव आहे हे ठाऊक नसेल, पण डबा नक्की आठवेल.

कोरड्या काचेचा परिणाम लगेच दिसला. १८९२ मध्ये इल्फर्डपासून फार लांब नसलेल्या एनफिल्डजवळ चेरी कीअर्टनने घरट्यातल्या अंड्यांचा फोटो काढला. १८९५ मध्ये त्याचा भाऊ रिचर्ड याचं ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक अशाच फोटोंनिशी निघालं. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून या भावांनी पुढे पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसले! बैलपोळ्याला शोभेल असा तो प्रकार होता. पण त्यातून एक नवी सवय जन्मली. पक्ष्याच्या जवळ जायचं, पण त्याला न मारता परत यायचं.

कायदे मागून आले. ब्रिटनमध्ये पक्षिसंरक्षणाचा मोठा कायदा १९५४ चा. भारतात वन्यजीव कायदा १९७२ चा, आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची शिकारही थांबली. इंग्लंडमध्ये मात्र बदकांची शिकार आजही कायदेशीर आहे. थापट्या, चक्रांग, शेंडी बदक, लालसरी, सगळे त्या यादीत आहेत. हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी, आणि समुद्रकाठच्या भरतीच्या पट्ट्यात २० फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे आपण ज्याला बदकांच्या फोटोंचा मोसम म्हणतो, तो बंदुका थांबतात तेव्हा सुरू होतो. वॉन्स्टेडला दहा-पंधरा पावलांवर तुम्हाला येऊ देणारा थापट्या खाडीवर माणसाची सावली दिसताच उठतो. पक्षी दोन्हीकडे रानटीच आहे. फरक माणसांनी काय ठरवलं यात आहे.

हेच महाराष्ट्रात बघा. नांदूर मध्यमेश्वर आपल्याला निसर्गाचं देणं वाटतं, पण तो गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर शेतीच्या पाण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेल्या बंधाऱ्याचा जलाशय आहे. उजनी आणि जायकवाडी ही तर सरळ धरणं, आणि त्यांच्या पाण्याखाली गावं गेली आहेत. १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा जो करार झाला, त्याच्या यादीत नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये गेलं. महाराष्ट्रातलं ते पहिलं. इल्फर्डजवळचे वॉल्थमस्टोचे जलाशयही ली खोऱ्याचा भाग म्हणून त्याच यादीत आहेत, आणि ते तर लंडनला प्यायला पाणी पुरवायला बांधलेले. बदकाने माणसाच्या कामाचा आपल्या परीने उपयोग करून घेतला, एवढंच.

चौकटीत काय ठेवायचं

आता पुन्हा कॅमेरा हातात घ्या. काही साध्या गोष्टी सांगतो.

सकाळी लवकर जा आणि सूर्य पाठीशी ठेवा. थापट्याच्या डोक्याचा हिरवा रंग पिसांच्या रचनेतून येतो, त्यामुळे कोन बदलला की तो काळा किंवा जांभळा दिसतो. घाई करू नका, तो वळेपर्यंत थांबा. शक्य तितकं खाली बसा, भिंग पाण्याच्या पातळीजवळ आणा. उभ्याने काढलेल्या फोटोत बदकाची पाठ येते, बसून काढलेल्यात त्याचा चेहरा. नेम डोळ्यावर धरा. छातीचा पांढरा रंग उन्हात पार उडून जातो, म्हणून उजेड जरा कमी घ्या. ब्रेड टाकून बोलावू नका. त्याने त्यांचं पोट भरतं पण पोसत नाही, आणि पाणी घाण होतं. मार्च संपताना वेताच्या झुडपांत शिरू नका, तिथे कूट आणि मॅलार्ड घरटी करत असतात.

हवा तसा जवळचा फोटो मिळाला की आणखी एक काढा, रुंद. त्यात बाक येऊ द्या, बाबागाडी येऊ द्या, हिजाब घातलेल्या मैत्रिणी, क्रिकेटचे स्टंप घेऊन निघालेली मुलं, पलीकडच्या इमारती येऊ द्या. तारीख आणि तळ्याचं नाव लिहून ठेवा.

हे मी हौसेखातर सांगत नाहीये. ब्रिटनमध्ये पाणपक्ष्यांची मोजणी १९४७ पासून चालू आहे आणि ती मुख्यतः हौशी माणसांच्या नोंदींवर उभी आहे. आशियात, महाराष्ट्रातही, १९८७ पासून दर जानेवारीत तशी मोजणी होते. लालसरी जगभर कमी होतेय, २०१५ पासून ती धोक्यात आलेल्या जातींत मोडते, आणि हे कळलं ते अशाच नोंदींमुळे. वॉन्स्टेड पार्क स्वतःही धोक्यातल्या वारसास्थळांच्या सरकारी यादीत गेलं आहे. त्याच्या जुन्या तळ्यांतून पाणी झिरपतं, कोरड्या उन्हाळ्यात चिखल उघडा पडतो. दहा वर्षांनी कोणी विचारलं की २० च्या दशकात हेरॉनरी पाँडमध्ये पाणी कुठपर्यंत असायचं आणि काठावर कोण यायचं, तर उत्तर नुसत्या डोळ्याच्या जवळच्या फोटोत सापडणार नाही. रुंद फोटोत सापडेल.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात बातमी येते, परदेशी पाहुण्यांचं आगमन. इंग्रजीतही थापट्याला विंटर व्हिजिटर, म्हणजे हिवाळी पाहुणाच म्हणतात. ऑक्टोबर ते मार्च, जवळजवळ अर्धं वर्ष जो इथे राहतो, इथेच जोडीदार निवडतो, त्याला पाहुणा का म्हणायचं? घरटं नाही म्हणून? या तळ्यावर खरा उपरा कोणी असेल तर ते तळंच. ते साडेतीनशे वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याच्या पैशाने आलं, आणि त्या पैशातला काही भाग आपल्या किनाऱ्यावरचा होता. 'तुम्ही मूळचे कुठले' हा प्रश्न तुम्हाला इल्फर्डमध्ये अधूनमधून विचारला जात असेल. पुढच्या वेळी उत्तर द्यायला कंटाळा आला तर त्या माणसाला वॉन्स्टेडला घेऊन जा, वारकरी दाखवा, आणि आधी या पाण्याचं मूळ विचारा.